ओठांवरचं गलबत

आमच्या चाळीत रात्र दोनदा व्हायची. एक सगळ्या जगाची, आणि दुसरी आमची, लालबागची, दुपारी जेवणं आटोपली की सुरू होणारी. रातपाळीची माणसं सकाळी गिरणीतून यायची, अंघोळ करून, दुपारचे चार घास पोटात ढकलून आडवी व्हायची, आणि मग अख्ख्या मजल्यावर मोठ्याने बोलायची कुणाची टाप नव्हती. नळाखाली बादली ठेवायची तीसुद्धा आत फडकं घालून, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. गोट्या, लगोरी, भांडणं, सगळं खाली मैदानात. वर फक्त माणसांचे श्वास आणि दारादारांवर ओली करून टांगलेली गोणपाटं. लहानपणच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की मला अजून त्या ओल्या गोणपाटाचा वास येतो आणि डोळे जड होतात.

एरवी मे महिन्यात आम्ही मुंबईत नसायचोच. परीक्षा झाली की भाऊच्या धक्क्यावरून बोट, आणि थेट कोकणात आजोळी. पण मी तिसरी पास झाले त्या उन्हाळ्यात बाबांनी रजाच टाकली नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. सत्याग्रहाला तुकड्या जायच्या आणि आपल्या चाळीची पाळी कधी येईल ते सांगता येत नव्हतं. भिंतींवर चुन्याने हातभर उंचीची अक्षरं लिहिलेली होती. 'संयुक्त'मधला क्त मला पाटीवर कधी धड जमला नाही, तो त्या भिंतींकडे बघून बघून जमला. माझ्या मैत्रिणी एकेक करून बोटीने निघून गेल्या आणि मी रुसून बसले. रुसायला तरी आमच्याकडे वेगळी खोली कुठली? गॅलरीत, आमच्याच दाराशी, कठड्याला पाठ लावून रुसायचं.

जवळ एक पुस्तक होतं, एवढाच काय तो आधार. आमच्या शाळेत चौथीच्या बाई मोठ्या खमक्या. सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी तिसरीच्या वर्गात येऊन कपाटातलं एकेक पुस्तक आमच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "सुट्टीत मनातल्या मनात वाचायला शिकून यायचं. ओठ हलता कामा नयेत. जूनमध्ये एकेकीला समोर बसवून बघणार आहे. जिचे ओठ हलतील तिला दुसरं पुस्तक मिळणार नाही." त्यावर त्यांनी उपायही सांगून ठेवला होता. वाचताना पेन्सिल आडवी दातांत धरायची, की ओठ आपोआप गप्प बसतात. दुसरं पुस्तक मिळणार नाही ही धमकी आम्हाला छडीपेक्षा मोठी वाटली, कारण घरी पुस्तक म्हणून जे काही होतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

माझ्या वाट्याला आलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठच नव्हतं. नाव काय, लिहिलं कुणी, बाईंनाही माहीत नव्हतं. आत एक गलबत होतं. मालाने भरलेलं, परमुलखातून घरी यायला निघालेलं, आणि धुक्यात वाट चुकलेलं. त्यावर एक म्हातारा तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, आणि त्याचे खलाशी. बाकी नुसतं पाणी. आता सांगते तेव्हा फारसं काही वाटत नाही, पण त्या वेळी मला ते गलबत आमच्या चाळीपेक्षा खरं वाटायचं.

मी वाचायची ती इतर मुलं वाचतात तशीच, ओठ हलवत. आवाज नाही, नुसते ओठ. प्रत्येक शब्द जिभेवर घेऊन चाखल्याशिवाय तो पोटात जातच नसे. समोर उंबऱ्यापाशी बाबा चटई टाकून निजलेले असायचे, कारण जी काय वाऱ्याची झुळूक यायची ती तिथेच. डोक्याखाली हात, तोंड माझ्याकडे. त्यांचे डोळे पूर्ण मिटत नसत, पापण्यांखाली एक पांढरी फट राहायची. मला आधी भीती वाटायची. आई म्हणायची, "गिरणीत रात्रभर साच्यार नजर ठेवूची लागता, म्हणान तेंका डोळे मिटून निजाचा ठावकच नाय." साचा म्हणजे माग, कापड विणायचा. बाबा साचेवाले होते. आईचं म्हणणं मला पटलं. गलबतावरचा तांडेलसुद्धा असाच झोपत असणार, एक डोळा पाण्यावर ठेवून, अशी मी मनाशी समजूत करून घेतली.

त्या दुपारी कशा होत्या ते नीट सांगता येणं कठीण. ऊन गॅलरीच्या लाकडी गजांमधून आत यायचं आणि जमिनीवर पट्टे काढून हळूहळू सरकायचं. खालून बर्फाचा गोळेवालाही आमच्या चाळीपुढून घंटी न वाजवता जायचा. दोन ओळी वाचाव्यात, डोळे मिटावेत, आणि मिटल्या डोळ्यांआड तिसरी ओळ आपोआप चालू राहावी. मग चाळच हलायला लागायची. गॅलरी म्हणजे डेक, दोरीवर वाळत घातलेली धोतरं म्हणजे शिडं, आणि आत रांगेने झोपलेली सगळी माणसं म्हणजे दमलेले खलाशी. लालबागहून सुटलेलं आमचं गलबत परळच्या गिरण्यांच्या चिमण्यांना वळसा घालून समुद्राला लागायचं. मी एकटी जागी, त्यामुळे ते हाकायची जबाबदारी माझ्यावर. मोठेपणी मी चांगली चांगली पुस्तकं वाचली, पण इतक्या सुखात नंतर मी कधीच वाचली नाहीत.

मग मला बाईंची आठवण झाली. जून जवळ येत होता. धुक्यात खलाशांचा गोड्या पाण्याचं पिंप फुटलं त्या प्रकरणाशी मी आले होते. तिथे मी पेन्सिल दातांत धरली. पहिले एकदोन दिवस लाळ गळून पानावर डाग पडले आणि अर्थ काही डोक्यात शिरेना. पण हट्टाला पेटले की मी ऐकत नाही. चारदोन दिवसांत जमलं. पेन्सिल काढली तरी ओठ मिटलेले राहू लागले. शब्द आता जिभेला न शिवता सरळ आत जायचे. मी भराभर पानं उलटत शेवटापर्यंत पोचले, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात बघून वाचून पाहिलं. ओठ दगडासारखे! बाई आता काय पकडणार होत्या मला?

त्याच दिवसांत बाबांची झोप बिघडली. उंबऱ्यावर ते या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागले. उठून पाणी प्यायचे, पुन्हा आडवे व्हायचे, माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. संध्याकाळी चहात साखर कमी झाली म्हणून चिडले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आई काळजीत पडली. गॅलरीत शेजारणीला हळूच म्हणाली, "रातभर उभ्यान काम करतत आणि दिसाचे असे वळवळत रवतत. सत्याग्रहाचा काय तरी मनात घेतल्यानी आसा." शेजारणीने कांद्याचा रस तळपायाला चोळायला सांगितला. तोही चोळून झाला. फरक नाही.

एका संध्याकाळी बाबा पाळीवर निघायच्या आधी जेवायला बसले होते. मी पाणी वाढलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या तांडेलाक पाणी मिळाला काय गो?"

मला काही कळेना. "कुठच्या तांडेलाला?"

"गलबतावरच्या. पिंप फुटला, थंयपर्यंत माका समाजला. आणि तू तोंडात पेन्सिल घातलंस."

मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. आईचा हात तव्यावर थांबला. "म्हणजे तुमी झोपाक नाय होतास?" तिने विचारलं.

"झोपतंय खंय? ह्या पोरीचा वाचन बघीत रवतंय," बाबा म्हणाले, आणि लाजले. माझा बाप लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

साचेखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडतात. तिथे शेजारी उभं राहून कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाज करायच्या भानगडीत पडतच नाहीत. लांबच्या साच्यावरचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि इकडच्याला कळतं की धागा तुटलाय, मुकादम येतोय, घरी पोर आजारी आहे. हे मला त्या रात्री आईने सांगितलं. आणि मग एक जुनं कोडंही सुटलं. आमच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत कुचकुच करताना तोंडापुढे पदर धरायच्या, तो मी मर्यादेचा समजत होते. कसली मर्यादा! समोर साचेवाले बसलेले असायचे म्हणून सगळा बंदोबस्त.

इतकी वर्षं साच्यावर काढून बाबांचे कान जड झाले होते. नाक्यावर कुणी पेपर मोठ्याने वाचायचा तेव्हा ते गर्दीत पुढे घुसून वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. स्वतः त्यांना वाचता येत नव्हतं. सही करायचे, तीही एखादं अवजड सामान उचलावं तशी. आयुष्यात त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं पुस्तक म्हणजे ते गलबत, आणि ते माझ्या ओठांवरून वाचलेलं. मला वाटत होतं की मी एकटी जागी आहे, बाकी सगळे झोपलेत. आणि पापण्यांखालच्या त्या पांढऱ्या फटीतून एक माणूस रोज माझ्याबरोबर प्रवास करत होता. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेन्सिल दप्तरात टाकली, पिंप फुटलं ते पान उघडलं आणि पुन्हा सुरुवात केली. आता चोरून नाही. बाबा कुशीवर वळून, डोळे सताड उघडे ठेवून पडायचे, आणि मी एकेक शब्द ओठांवर नीट मांडायची. ओठ बेतानेच हलवायचे, फार ताणले की त्यांना कळत नसे. "असा तोंड वाकडा करू नको, माका हसू येता," असं हाताने सांगायचे. खलाशी रात्री शीड पसरून ठेवत आणि सकाळी त्यावर साचलेलं दव पिळून पीत, असं एक प्रकरण होतं. ते बाबांना फार आवडलं. ते त्यांनी मला तीन वेळा वाचायला लावलं. शिडाचं कापड कसलं होतं, सुती की तागाचं, वीण घट्ट होती का, हे विचारलं. पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, तुमच्याच गिरणीतलं होतं. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांचा तोच अंदाज होता.

जूनमध्ये बाईंनी मला समोर बसवलं तेव्हा अर्थातच माझे ओठ हलले. बाईंनी च्यक् केलं. दुसरं पुस्तक मला दिवाळीपर्यंत मिळालं नाही, आणि मला त्याचा राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. पण ते पुढचं.

मे महिन्याच्या शेवटी शेवटी, थोडीच पानं उरलेली असताना, आमच्या चाळीची तुकडी निघाली. बाबा त्यात होते. आईने कपाळाला कुंकू लावून ओवाळलं, खालच्या मजल्यावरच्या बाप्यांनी हार घातले, घोषणा झाल्या. दुपारची वेळ असून त्या दिवशी आमच्या चाळीत कुणी झोपलं नव्हतं. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, आणि लग्नाला निघाल्यासारखे ते जरा अवघडले होते. मी पुस्तक छातीशी धरून उभी. त्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उरलेला माका ठेव हां," म्हणाले. मग सगळे रस्त्याने गात गेले आणि वळणावर दिसेनासे झाले.

संध्याकाळी बातमी आली. सगळ्यांना धरलं, शिक्षा झाली, तुरुंगात नेलं. कुणाला किती दिवस, ते कळेना. आई चुलीपाशी बसून राहिली. मला शिक्षा आणि तुरुंग यातलं काही समजत नव्हतं. मला एकच घोर लागला होता की धुक्यात गलबत तसंच उभं आहे, बाबांनी त्याला जिथे सोडलं तिथे. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, पण ते माझ्या एकटीकडे असून काय उपयोग? रोज दुपारी मी दाराशी जाऊन बसायची. उंबऱ्यावर चटई नव्हती. पुस्तक मांडीवर ठेवायची आणि उघडायची नाही.

काही दिवसांनी भेटीची परवानगी मिळाली. आईने कणकेचे लाडू केले, मला नवा परकर घातला, आणि चाळीतल्या इतर बायकांबरोबर आम्ही तुरुंगाच्या दाराशी जाऊन उन्हात उभ्या राहिलो. पुस्तक दारावरच्या शिपायाने काढून घेतलं. परत जाताना देतो म्हणाला. आई पुढे चालू लागली, मी मागे वळून वळून त्याच्या टेबलाकडे बघत होते.

आत एक लांबलचक दालन होतं. मधे जाळी, पलीकडे माणूसभर मोकळी जागा, आणि मग पुन्हा जाळी. त्या दुसऱ्या जाळीमागे आमची माणसं. आणि गोंगाट म्हणजे काय! सगळ्या बायका एकदम ओरडत होत्या. भावजय बाळंत झाली, गावाहून आंबे आले, मोरीचा पाइप फुटला, तब्येत सांभाळा. पलीकडून पुरुष कानामागे हात धरून "काय? काय?" करत होते. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. आईने दोनदा हाक मारली आणि तिचा आवाज त्या कल्लोळात बुडून गेला. तिने तोंडात पदर कोंबला.

बाबा पलीकडे उभे होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. एवढ्या आवाजात ते रोज रात्री उभे राहत आले होते. त्यांनी हाताने आईला खूण केली, पदर काढ. मग बोट ओठांवर टेकवलं. आईला समजलं. तिने पदर काढला आणि ओरडणं सोडून, अगदी स्वयंपाकघरात बोलावं तसं हळू बोलली. मी बरी आहे. तुम्ही जेवता ना? बाबा माना डोलवत होते. आजूबाजूला सगळे घसा फोडत होते आणि आमची आई निवांत नवऱ्याशी बोलत होती.

मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. भुवया वर केल्या. शिपाई ओरडू लागला होता की वेळ संपली. आईने मला कडेवर उचललं, मी काही लहान नव्हते तरी. पुस्तक नव्हतं. मी जाळीजवळ तोंड नेलं, आणि मग आठवलं की तसं केलं तर त्यांना दिसणार नाही, म्हणून मागे सरकले. ओठांवर एकेक शब्द मांडू लागले. धुकं विरलं. तांडेलाला डोंगर दिसला. त्याने ओळखला. शीड वर चढवलं. सगळे उठले. गलबत बंदराला लागलं.

पुस्तक तिथे संपलं होतं. बाबा जाळीला दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. आवाज पोचणं शक्यच नव्हतं. मी तोवर कधी कुणाच्या ओठांवरून काही वाचलं नव्हतं, पण त्या क्षणी मला अगदी स्वच्छ वाचता आलं. बाबा विचारत होते, "मगे?" मग पुढे काय झालं?

पुढे काही नव्हतं. शिपाई माणसांना मागे ढकलत होता, बाबा एकेक पाऊल मागे जात होते, पण नजर माझ्या ओठांवरून हलली नव्हती. मी सांगत राहिले. मग तांडेल धक्क्यावर उतरला. मग तो चालत चालत घरी आला. दारात त्याची मुलगी बसली होती. तिने विचारलं, इतके दिवस कुठे होतात? तो दमला होता, म्हणून तिने उंबऱ्यावर चटई टाकली, आणि म्हणाली, आता निजा.